प्रतिस्पर्धी पाहिजे

४ फेब्रुवारी

आजपासून लिहायला घेतलं. सर म्हणाले, आपली संस्था समजून घ्यायची असेल तर दिसेल ते लिहून काढा, शहाणपण मागाहून येतं. सर म्हणजे संध्याकाळच्या वर्गाचे सर. वाचनालयाच्या वरच्या खोलीत ते ‘व्यवसाय संस्था आणि तिचं पर्यावरण’ शिकवतात. पर्यावरण म्हणजे इथे झाडं नव्हेत, असं त्यांनी पहिल्याच तासाला सांगितलं, तेव्हा मागच्या बाकावरचा रोपवाटिकावाला उठून निघून गेला. मी बसून राहिलो.

बाबा जाऊन वर्ष होत आलं. त्यांनी ब्रशचा कारखाना माझ्या नावावर केला, पण कारखान्यात मला अजून सगळे ‘धाकटे साहेब’ म्हणतात, जणू थोरले बाहेर हात धुवायला गेलेत. आम्ही बाटल्या धुण्याचे ब्रश करतो. दोन तारांमध्ये केस पसरायचे, तारांना पीळ घालायचा, कात्रीने गोल कापायचं, मूठ बसवायची. एवढंच. निदान लांबून दिसतं ते एवढंच. बाबांनी मला पिळाच्या टेबलाजवळ कधी फिरकू दिलं नाही. ‘तू शिक,’ म्हणायचे. ब्रशचं आत्या बघायची, अजूनही तीच बघते. बाबांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही. कारखान्यात आली ती तिथलीच झाली. मृत्युपत्रात बाबांनी तिला आपलं घड्याळ ठेवलं. ते बंद आहे, पण आत्याने कधी कुरकुर केली नाही. वेळ तिला तशीही कळते.

६ फेब्रुवारी

गृहपाठ: मध्ये आपली संस्था, भोवती वर्तुळं. प्रत्येक वर्तुळात पर्यावरणातला एक घटक.

ग्राहक: दुधाची डेअरी. बाकीचे आहेत, पण डेअरीचं वर्षाचं काम गेलं तर कारखान्याला कुलूप, हे बाबा जेवताना सुद्धा सांगायचे. एप्रिलमध्ये नव्या वर्षाचं काम ठरतं. पुरवठादार: तारवाला आणि केसवाला. केसवाला मी गेल्या वर्षी बदलला, नवा बराच स्वस्त देतो. मी मालक झाल्यावर घेतलेला हा पहिला निर्णय, म्हणून नोंदवून ठेवतो. सरकार: आगीच्या बादल्या तपासणारा माणूस. तो येतो, बादलीत डोकावतो आणि एक ब्रश घेऊन जातो.

शेवटचं वर्तुळ प्रतिस्पर्ध्याचं. तिथे पेन थांबलं. फोरमनला विचारलं, आपला प्रतिस्पर्धी कोण? त्याने बराच विचार केला आणि म्हणाला, ‘बोटं.’ लोक बोटाला फडकं गुंडाळून बाटली धुतात म्हणे.

डेअरीकडून काही पेट्या परत आल्यात. सोबतची चिठ्ठी आत्याने वाचली आणि मला देऊ का विचारलं. म्हटलं, तूच बघ.

७ फेब्रुवारी

सरांनी माझी आकृती फळ्यावर काढली. रिकाम्या वर्तुळावर खडू टेकवून म्हणाले, प्रतिस्पर्धी नसलेली संस्था ही संस्था नसते, ती नुसती सवय असते. वर्ग हसला. लाँड्रीवाला सगळ्यात जास्त हसला, त्याच्या गल्लीत चार लाँड्र्या आहेत.

मला मात्र तोंडात मारल्यासारखं झालं. म्हणजे बाबांनी आयुष्यभर एक सवय चालवली आणि मला वारशात तीच मिळाली.

९ फेब्रुवारी

हिला सगळं समजावून सांगितलं. ही म्हणाली, नाही प्रतिस्पर्धी तर नाही, वर्तुळ खोडून टाका. खोडता येत नाही, ते शास्त्र आहे, असं मी म्हटलं. मग तिने चहाचा कप त्या वर्तुळावर ठेवला. नेमका बसला.

आत्याला बोललो. ती म्हणाली की प्रतिस्पर्धी असता तर डेअरीच्या खरेदी अधिकाऱ्याला बरं वाटलं असतं. त्यांचा नियम आहे, दोन ठिकाणची दरपत्रकं असल्याशिवाय काम द्यायचं नाही. दुसरं दरपत्रक देणारा कोणी नाही, म्हणून बिचारा दर वर्षी वरच्यांना खुलासा लिहून देतो. आता त्याच्या वरचे बदललेत आणि खुलासे चालणार नाहीत म्हणतात.

म्हणजे सर म्हणत होते तेच. फक्त आत्याला त्यामागचा सिद्धांत माहीत नाही.

१२ फेब्रुवारी

फाटकावर पाटी लावली: ‘प्रतिस्पर्धी पाहिजे. अनुभवी असल्यास प्राधान्य. स्वतःची जागा नसल्यास सोय केली जाईल.’

फोरमनने दोनदा वाचली. मग म्हणाला, रंग चांगला वापरलाय.

१५ फेब्रुवारी

मुलाखती. आत्या कोपऱ्यात लोकर घेऊन बसली होती.

पहिला पैलवान निघाला. त्याला स्पर्धा म्हणजे काय ते पक्कं ठाऊक होतं, ब्रश ठाऊक नव्हते. दुसऱ्याने रविवारी स्पर्धा असते का, विचारलं. तिसरा खरा जाणकार वाटला. एका साबणवाल्याशी त्याने दोन वेळा स्पर्धा केली होती आणि दोन्ही वेळा बुडाला होता. साबणवाल्याचं शिफारसपत्र सोबत होतं: ‘यांच्याशी स्पर्धा करताना आम्हाला नेहमीच समाधान लाभलं.’ मला माणूस पसंत होता. पण त्याने आगाऊ विचारलं की बुडायचं कधी, म्हणजे त्याला पुढचं काम धरता येईल. इतका अनुभवही बरा नव्हे.

सगळे गेल्यावर आत्याने सुया खाली ठेवल्या.

“बाहेरचा माणूस कशाला आणतोस बाळा? उद्या खरंच वैर धरेल. त्यापेक्षा मीच होते तुझी प्रतिस्पर्धी.”

“तू? या वयात?”

“मागची शेड रिकामीच आहे. तू सांगशील तशी स्पर्धा करेन. चुकलं तर घरातल्या घरात सांगता येईल.”

इतकी वर्षं कारखान्यासाठी झिजल्यावर, माझ्या एका वर्तुळासाठी ती परकी व्हायला तयार झाली.

२० फेब्रुवारी

अंगणात चुन्याने पांढरी रेघ मारली. अलीकडे आम्ही, पलीकडे प्रतिस्पर्धी. आत्याने जुनं पिळाचं यंत्र मागितलं आणि ते चालवणाऱ्या चारही बायका. दिल्या. माझ्याकडे नवं यंत्र आहे, फक्त ते कोणाला येत नाही.

रेघ ओलांडून बोलायचं नाही, असा नियम केला. पण चहाची शेगडी आमच्याकडे राहिली आणि पाण्याचा नळ त्यांच्याकडे गेला. अकरा वाजता दोन्ही बाजू रेघेवर उभ्या राहून एकमेकींकडे बघत होत्या. शेवटी करार झाला: त्यांनी पाणी द्यायचं, आम्ही चहा द्यायचा. पुरवठादाराच्या वर्तुळात नळ लिहून टाकला. आकृती भरत चालली आहे.

२४ फेब्रुवारी

आत्या रेघेपर्यंत आली आणि नियमाप्रमाणे तिथेच थांबली. म्हणाली, दुबळ्या प्रतिस्पर्ध्याशी लढून तुझं काय भलं होणार? फोरमन दे.

मुद्दा बिनतोड होता. सरांनीही कालच सांगितलं की संस्थेची ताकद तिच्यासमोर कोण उभं आहे त्यावर ठरते. फोरमनला बोलावून विचारलं. तो ‘तुमची इच्छा’ म्हणाला आणि टेबलाच्या खणातून डबा, चष्मा, कात्री काढून उभा राहिला. सगळं आधीच पिशवीत भरलेलं होतं. शिस्तीचा माणूस.

२८ फेब्रुवारी

आत्याने आमचं दरपत्रक मागितलं. आमच्यापेक्षा किती खाली जायचं ते कळल्याशिवाय ती स्पर्धा कशी करणार? दिलं. डेअरीच्या खरेदी अधिकाऱ्याची भेट घ्यायची परवानगी मागितली. तीही दिली. ती त्याला वीस वर्षं ओळखते, पण तेव्हा आमच्या बाजूने ओळखायची.

सरांना वर्गानंतर प्रगती सांगितली. ते जिन्यात थांबले आणि माझ्याकडे बघत राहिले. मग विचारलं, तुम्ही हे खरंच केलंत? मी हो म्हटलं. ते म्हणाले, एवढी वर्षं शिकवतोय, पण कोणी केलं नव्हतं. त्यांच्या आवाजात कौतुक होतं, किंवा जिन्यात तसं घुमलं असेल.

५ मार्च

पलीकडे काय चाललंय ते कळायला हवं, म्हणून हिशेबनिसाला हेर नेमलं. पहिल्या दिवशी परत येऊन त्याने सांगितलं की त्यांनी जुन्या केसवाल्याला परत बोलावलंय, महाग असूनही. मला हसू आलं. खर्च कसा काबूत ठेवायचा हे आत्याला कोण शिकवणार?

दुसऱ्या दिवशी तो जेवणानंतर परतला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी. आज आलाच नाही. रेघेवरून पाहिलं तर तो खिडकीशी टेबल टाकून बसला होता आणि कोणीतरी त्याला चहा देत होतं, आमच्याच शेगडीवरचा. माहिती काढायला माणूस इतका आत शिरला की आता त्याला बाहेर काढणं धोक्याचं ठरेल.

९ मार्च

अलीकडे आता मी, शेगडी आणि नवं यंत्र. उरलेले दोघे सकाळी येऊन म्हणाले की रेघेच्या या बाजूला काम नाही आणि नुसतं बसून पाठ धरते. मी त्यांना सुट्टी दिली. दुपारी ते पलीकडे मुठी बसवताना दिसले. सुट्टी कशी घालवावी हा ज्याचा त्याचा प्रश्न.

१३ मार्च

हिने आत्यासाठी डबा न्यायला सुरुवात केली, त्याला आठवडा झाला. मी ती सदिच्छा भेट म्हणून धरली होती. आज पाहिलं तर ही पेट्या भरत होती. पदर खोचलेला, तोंडात सुतळी. फोरमन काहीतरी बोलला आणि ती हसली. घरी तिला असं हसताना पाहून बरेच दिवस झाले.

संध्याकाळी विचारलं, कुणाच्या बाजूने आहेस? ती भाजी निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, “अहो, तुम्हाला खरंच ब्रश करायचे आहेत का?”

मी म्हटलं, माझा कारखाना आहे.

“ते नाही विचारलं मी.”

प्रश्न पर्यावरणाचा नव्हता, त्यामुळे आकृतीत कुठे बसवावा ते कळलं नाही.

१४ मार्च

कारखान्यात कोणी नव्हतं. म्हणजे आमच्या बाजूला. नव्या यंत्रासमोर बसलो. तार कापली, दुमडली, केस मध्ये घातले, यंत्राची मूठ फिरवली. केस सगळे भुर्रकन उडून माझ्या चहात पडले. दुसऱ्या वेळी तार तुटली. तिसरा ब्रश झाला. एका बाजूला टक्कल, दुसऱ्या बाजूला झुडूप, आणि मधून वाकलेला.

बाटलीत घातला तर बाहेर येईना. ओढला तेव्हा आला, पण निम्मे केस आतच राहिले. बाटली उजेडात धरून बराच वेळ बघत बसलो. डेअरीच्या परत आलेल्या पेट्यांमधली चिठ्ठी आता आत्याकडे मागता येणार नाही, ती प्रतिस्पर्धी आहे. पण तिच्यात काय लिहिलं असेल याचा थोडा अंदाज आला.

ब्रश फेकला नाही. बाबांच्या कलमदानात उभा केला.

१८ मार्च

काल जुन्या केसवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, तुमच्याकडून आत्ताच कोणी तरी नेले. मी म्हटलं, ते वेगळे, मी वेगळा. त्याने मला खालून वर पाहिलं आणि एक पुडा दिला. आज त्यातले बरेचसे संपले. एकही ब्रश सांगण्यासारखा झाला नाही. बोटं मात्र जागोजाग सोलली.

संध्याकाळी खिडकीतून आत्या माझ्याकडे बघत होती असं वाटलं. हात वर केला. तिने पडदा ओढला. नियमाला पक्की आहे.

२ एप्रिल

आज डेअरीचा खरेदी अधिकारी आला. फाटकातून आत येऊन नेमका रेघेवर थांबला, एक पाय इकडे, एक तिकडे. म्हणाला, यातले तुम्ही कोण?

मी त्याला आत बसवलं आणि आकृती दाखवली. वर्तुळं रंगवली होती. संस्था, तिचं पर्यावरण, त्यात डेअरीचं स्थान, सगळं समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं, मधे एकदा पाणी मागितलं. ते पलीकडून मागवावं लागलं आणि ते घेऊन आत्या स्वतः आली. तिने पेला रेघेवर ठेवला, मी उचलला. अधिकाऱ्याने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग नमुना मागितला.

माझ्याकडे बारा होते. त्यातला बरा दिला. त्याने अंगठा फिरवला, केस ओढून पाहिले. मग पलीकडे गेला. तिथे आकृती नव्हती. तिथे त्याला ब्रश दाखवले.

दोन दरपत्रकं हातात घेऊन तो जाताना इतका प्रसन्न होता की फाटकाशी त्याने मला मिठी मारली. खुलासा लिहायचा नाही, म्हणाला. वीस वर्षांत पहिल्यांदाच.

७ एप्रिल

काम आत्याला मिळालं.

एवढंच लिहून दुपारभर बसलो. पलीकडे कोणी ओरडलं नाही, नाचलं नाही. यंत्राचा आवाज तसाच चालू राहिला. त्याचंच जास्त लागलं.

बाबांचा कारखाना मी घालवला. हे वाक्य तीन प्रकारांनी लिहून पाहिलं, प्रत्येक वेळी अर्थ तोच निघतो. सर म्हणाले होते, शहाणपण मागाहून येतं. किती मागाहून ते सांगितलं नव्हतं.

८ एप्रिल

आत्या आज पहिल्यांदा रेघ ओलांडून आली. बाबांच्या खुर्चीत बसली नाही. समोरच्या स्टुलावर बसली, जिथे ती नेहमी बसायची.

चिठ्ठी तिने सोबत आणली होती, टेबलावर ठेवली. मी वाचली नाही. म्हटलं, केस गळत होते ना? ती म्हणाली, दुधाच्या बाटलीत केस सापडला तर लोक दूध टाकून देत नाहीत, डेअरी टाकून देतात.

“मग तेव्हाच का नाही सांगितलंस?”

“सांगायला आले होते. तू वर्तुळं काढत होतास.”

मग तिने कागदपत्रांचं काढलं. कारखाना तुझ्याच नावावर राहू दे, म्हणाली, मला तुझ्या बाबांच्या नावाशी भांडायचं नाही. जागेचं भाडं मी तुला देईन. पण काम मी बघणार, आणि यापुढे कोणाला विचारून बघणार नाही. मी मान हलवली. काय राहिलं होतं नाही म्हणायला?

ती उठली, दाराशी थांबली. मग जे म्हणाली ते शब्दशः लिहून ठेवतो.

“पुढच्या एप्रिलला त्याला पुन्हा दोन दरपत्रकं लागणार. माझ्यासमोर कोणीतरी हवं. तू राहशील का?”

“म्हणजे काय करायचं?”

“जे करतोयस तेच. बस, ब्रश कर, दर माझ्यापेक्षा वर ठेव. महिन्याला पगार देईन.”

मी जरा विचार करून विचारलं, अनुभवी असल्यास प्राधान्य का? आत्या हसली. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच.

१० एप्रिल

आकृती नव्याने काढली. मधल्या जागी आत्या. ग्राहक, पुरवठादार, सरकार, नळ. शेवटच्या वर्तुळात स्वतःचं नाव लिहिलं. एकही जागा रिकामी नाही. सरांना दाखवली तेव्हा त्यांनी खडू खाली ठेवला आणि तास लवकर सोडला.

घरी हिला दाखवली. तिने या वेळी कप बाजूला ठेवला.

३ मे

रोज यंत्रावर बसतो. करायला दुसरं काही नाही, आणि पगार घ्यायचा तर समोर काहीतरी दिसायला हवं. आत्या सकाळी दार उघडते तेव्हा मी आधीच आलेला असतो. मूठ हळू फिरवायची हे कळलं. तार आधी हातात धरून गरम करायची, हेही. कोणी सांगितलं नाही. फोरमन रेघेवरून एकदा नुसता ‘हळू’ म्हणाला होता, पण तो नियमभंग होता म्हणून मी ऐकलं नाही असं धरतो.

२१ मे

आज एक सरळ झाला.

बाटलीत गेला, मध्ये वाकून न अडकता तळाला जाऊन फिरला, बाहेर आला. सगळे केस सोबत. पुन्हा घातला. पुन्हा आला. दुपारपर्यंत तसेच आणखी झाले.

मग अडचण लक्षात आली. मी प्रतिस्पर्धी आहे, आणि माझा नमुना आत्यापेक्षा उजवा असून चालणार नाही. मला पगार त्याचाच मिळतो. एक ब्रश गुडघ्यावर ठेवून वाकवायला घेतला. हात पुढे जाईना. पुन्हा सरळ केला आणि इतरांमध्ये ठेवून दिला.

२३ मे

आत्या भाड्याचं बोलायला आली होती. टेबलावरचे ब्रश दिसले. एक उचलला, अंगठा फिरवला, केस ओढून पाहिले, डेअरीवाल्याने पाहिले तसेच. विचारलं, हे कोणी केले? मी म्हटलं, इथे दुसरं कोण आहे?

ब्रश घेऊनच गेली. भाड्याचं बोलायचं राहिलं.

२४ मे

सकाळी पाहिलं तर अंगणातली रेघ कोणीतरी नव्याने मारली होती. आधीपेक्षा रुंद.

अकराच्या चहाला फोरमन रेघेवर येऊन उभा राहिला. कान खाजवत, दुसरीकडे बघत म्हणाला, आत्याबाई विचारतायत, धाकट्या साहेबांचं नवं दरपत्रक बघायला मिळेल का.

मी लगेच हो म्हणणार होतो. तोंड उघडलंही होतं. मग चहाचा एक घोट घेतला आणि म्हटलं, बघू, विचार करून सांगतो.

तो गेल्यावर आत येऊन बाबांच्या टेबलाचा खण कुलूप लावून बंद केला. खण रिकामाच आहे. दरपत्रक अजून केलेलंच नाही, पण ते त्यांना कशाला कळायला हवं?